घंटीची पाचर

विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रात एकाच विद्यार्थ्याला वर्षभर फुकट खोली मिळणार होती, आणि मृदुला खांडबहालेला ती हवीच होती. वसतिगृहातल्या दारांच्या ढिल्या कड्यांना घाबरून तिने एक रबरी पाचर बनवली होती, घंटी बसवलेली. ती दाराखाली सरकवायची. बाहेरून कुणी दार ढकललं की घणघणते. निवडीच्या दिवशी दाखवायला म्हणून तिने सभागृहाच्या दाराखालीही एक लावून ठेवली.

पण निवड करायला बसले होते कुलपांचे कारखानदार विश्वासराव गुळवणी. ती घाबरलीय हे पाहून त्यांनी मुद्दाम टेबलावर थाप मारली. मृदुला टुणकन उडाली. सगळे खो खो हसले.

"पोरी, धंद्याला वाघाचं काळीज लागतं! ते काय वर्गात शिकवून येतं?"

"नाही येत, सर," मृदुला कशीबशी म्हणाली. "पण तुमची कुलपं वाघाच्या काळजाची माणसं घेतात का हो?"

विश्वासराव खुर्चीत पुढे सरकले.

"आधी गिऱ्हाईक ओळखा, हे आमच्या बाईंनी वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं. तुमचं-माझं गिऱ्हाईक एकच, सर. घाबरट. मी ते रोज आरशात बघते."

तेवढ्यात चहावाल्या मामांनी बाहेरून दार ढकललं. घण्ण! विश्वासराव खुर्चीतून हातभर उडाले. मृदुला मात्र जागची हलली नाही. स्वतःच्या घंटीला कोण घाबरतं?

छातीवर हात ठेवून विश्वासराव म्हणाले, "खोली तुझी, बाई. आणि एक पाचर आमच्या घरी पाठव. स्वतःची कुलपं लावूनही मला झोप येत नाही."