धोंड्यामागची वाळू

"आता कुणाला भ्यायचं, बाबा?"

यल्लाप्पानं छाती पुढं काढून विचारलं. तो नावाजलेला दगडफोड्या. नदीच्या मधोमध बसलेला हत्तीएवढा धोंडा त्यानं कालच सुरुंग लावून उडवला होता. त्या धोंड्याच्या कुशीला पाण्यानं डोह कोरला होता, आणि डोहात यल्लाप्पाचा भाऊ बुडाला होता. तेव्हापासून हा गडी नदीला भ्यायचा. आपल्या गुरूला, मोतीगीर बाबांना, तेवढं मात्र त्यानं कधी कळू दिलं नव्हतं.

बाबा पाण्याकडं बघत होते. वर डोंगरात पाऊस लागला होता. नदी गढूळ होऊन चढत होती.

"तुझी म्हातारी कुठं हाय?"

"घरात. ताप आलाय तिला."

"आणि घर?"

बाबांनी हे विचारावं याचं यल्लाप्पाला हसू आलं.

"मळईवर की, नदीनं टाकलेल्या गाळावाळूवर. धोंड्याच्या खालच्या अंगाला. आज्यापासनं तिथली वाळू हलली न्हाई."

"का हलली न्हाई?"



बाबांनी त्याचं मनगट धरून त्याला घोटाभर पाण्यात उभं केलं.

"गप उभा ऱ्हा."

टाचांखालची वाळू हळूहळू सरकू लागली. पाय खचले. पावलांच्या मागं मात्र मूठभर वाळू येऊन निवांत बसली होती.

"आता पाय उचल."

त्यानं पाय उचलला. ती मूठभर वाळू गेली.

 यल्लाप्पानं मळईकडं पाहिलं. कडेचा एक लचका, वरच्या निरगुडीसकट, आवाज न करता पाण्यात उतरला. तिथून त्याचं घर फार लांब नव्हतं.

"बाबा... म्या काय करून बसलो?"

बाबांनी कफनी खोचली. काठी टेकत ते नदीत शिरले आणि धोंडा होता तिथं जाऊन थांबले. पाणी कमरेला लागत होतं. प्रवाहाकडं पाठ करून ते खाली बसले. आता नुसतं डोकं वर दिसत होतं.

यल्लाप्पा घोटाभर पाण्यातनंच ओरडला.

"बाबा, वर या. व्हाऊन जाल..."

"एवढ्याशा अंगामागं मूठभर वाळू थांबंल," बाबा म्हणाले. "म्हातारीला उचलायला तुला तेवढी पुरं."