म्हाताऱ्या कार्डाने दाखवलेली ओळ

अगं ऐक ना, आत्ता शाल्मलीच्या कॉम्प्युटरच्या आत काय झालं! विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर, त्यात स्क्रीनवर चित्रं उमटवणारं एक म्हातारं ग्राफिक्स कार्ड. आज तिने शेजारी दुसरं, नवंकोरं बसवलं.

"सरका आजोबा!" नवं म्हणालं. "आता स्क्रीन माझी!"

शाल्मलीने लगेच स्क्रीनची वायर नव्यात खोचली. स्क्रीन काळीकुट्ट! घाईत ती नव्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायलाच विसरली होती, आणि त्याशिवाय त्याला लिनक्सचं काही कळेना.

"बिघडलेलंच दिलंय! परत पाठवते," म्हणत तिने वायर पुन्हा जुन्यात लावली.

नवं रडकुंडीला आलं. "आजोबा, वाचवा ना!"

कॉम्प्युटरमधला पंखा कुजबुजला, "म्हाताऱ्या, गप्प बस! हे गेलं की तुझी जागा पक्की. राहिलं, तर तू भंगारात."

पण म्हाताऱ्याने लिनक्सचा निरोप स्क्रीनवर ठळक दाखवला: 'दुसरं कार्ड सापडलं, ड्रायव्हर नाही.'

शाल्मलीने टुणकन उडी मारली, ड्रायव्हर टाकला, आणि नवं असं सुसाट सुटलं म्हणून सांगू! आता स्क्रीन म्हाताऱ्याकडेच आहे, जड कामं नव्याकडे.

पण असं होईल हे म्हाताऱ्याला कुठे माहीत होतं? खरं सांग, तू असतीस तर ती ओळ दाखवली असतीस?