नावाड्याने रंगवलेली नाव

फार दिवस झाले या गोष्टीला. नदीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता. नदीवर पूल नव्हता. पलीकडच्या बाजाराला जायचं तर त्याच्याच नावेत बसावं लागे.

एका वर्षी पुरात वाहत आलेला ओंडका नावेवर आदळला आणि नाव उलटली. नावाड्याने सहा जणांना ओढून काठावर आणलं. सातवी होती गावातली भामा. तिचा हात त्याच्या हातात आला होता, पण पाण्याने तो सोडवून नेला.

गावाने त्याला दोष दिला नाही. "तू तरी काय करणार?" असंच सगळे म्हणाले. भामाच्या म्हाताऱ्या आईनेही दिला नाही. फक्त ती नदीकडे यायची बंद झाली.

पूर ओसरला, नाव पुन्हा सुरू झाली, पण नावाड्याच्या अंगातलं बळच गेलं. सकाळी उठतानाच खांदे भरून आलेले असत. एक खेप केली की तो काठावर बसून राही. बायको म्हणे, "मनात काय आहे ते बोला तरी."

तो तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "काही नाही गं. दमलोय."

वैद्याने काढे दिले, शेजारणीने दृष्ट काढली. काही उपयोग झाला नाही.

दरवर्षीप्रमाणे म्हातारा चितारी नाव रंगवायला आला. नाव काठावर ओढली होती आणि नावाडी तिला टेकून बसला होता. चिताऱ्याची बाहेरून सगळी नाव रंगवून झाली, तरी हा तसाच बसलेला. मग म्हाताऱ्याने ब्रश त्याच्यापुढे धरला. "आतल्या फळ्या तू रंगव."

"मला चित्र काढता येत नाही."

"मी कुठे विकत घेतोय? माझा धाकटा मुलगा घोड्यावरून पडून गेला, तेव्हा मलाही बोलता यायचं नाही. वर्षभर मी नुसते घोडे रंगवले. वाकडेतिकडे, कसेही."

नावाड्याने ब्रश घेतला. पहिल्या दिवशी त्याने नुसतं काळं पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी ओंडका काढला. तिसऱ्या दिवशी पाण्यातून वर आलेला एक हात काढला, आणि तिथेच बसून तो हुंदके देऊन रडला. चितारी शेजारी बसून राहिला.

नाव पाण्यात उतरली तेव्हा पाटील चिडले. "बसल्या बसल्या लोकांनी हे बघायचं? पुसून टाक. नाहीतर तुझ्या नावेत कुणी पाय ठेवणार नाही."

नावाड्याने फडकं उचललं, तेलात बुडवलं, त्या हाताजवळ नेलं आणि खाली ठेवून दिलं.

"पाटील, हे पुसलं तर मला पुन्हा आत ठेवावं लागेल. आता आत जागा नाही."

तीन दिवस नाव रिकामी राहिली. लोक लांबच्या उतारावरून, गुडघाभर पाण्यातून जाऊ लागले. घरात बायको धास्तावली. नावाडी मात्र रोज सकाळी येऊन नावेत बसत होता.

चौथ्या दिवशी काठी टेकत भामाची आई आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं. ती नावेत चढली, त्या फळीपुढे बसली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या," ती म्हणाली. "तू काढल्या नाहीस."

"मला दिसल्याच नाहीत, मावशी. मला नुसता हात दिसला."

म्हातारीने नावेतच राहिलेल्या हिरव्या रंगात बोट बुडवलं आणि त्या मनगटावर चार रेघा ओढल्या. मग त्याच्याकडे वळून विचारलं, "तिने हाक मारली होती का रे?"

नावाड्याने तोंड उघडलं. पण या वेळी शब्द बाहेर आले. "मारली. 'आई!' म्हणाली."

मग त्याने सगळं सांगितलं. हात कसा धरला, कसा सुटला, काहीच गाळलं नाही. म्हातारी रडत रडत ऐकत होती. शेवटी पदराने डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मी रोज तिचं वेगवेगळं मरण बघत होते. आता एकच राहिलं. चल, मला पलीकडे ने."

त्याने वल्हं उचललं. भामाची आई नावेत बसलेली गावाने पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक जण परत येऊ लागला. पाटील सगळ्यांत शेवटी आले. त्या फळीकडे बघून त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

नावाड्याची दमणूक एका दिवसात गेली नाही. पण त्या हिवाळ्यात तो चार-चार खेपा करू लागला. आणि कधी जीव जड झाला, तर बायकोला म्हणायचा, "बस जरा. आज ती फार आठवतेय."

तात्पर्य एवढंच: दुःख शब्दांत सांगता येत नसेल, तर ते हातांना सांगू द्यावं. चित्र वाकडं आलं तरी चालतं, ते बाहेर यायला हवं आणि कुणीतरी शेजारी बसून बघायला हवं.