चाळीस पाटांची पंगत

एकदा एका संस्थेच्या सर्व्हरला विचित्र व्याधी जडली. सकाळी तो ताजातवाना असे, दहाच्या सुमारास जड होई आणि अकरा वाजता असा काही रुतून बसे की संकेतस्थळाचे पहिले पान उघडायलाही चार-चार मिनिटे लागत. संस्था डोंगराळ भागातल्या मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवणारी. प्रवेशाचे अर्ज त्या वर्षापासून संकेतस्थळावरच घ्यायचे ठरले होते आणि ज्या दिवसाची ही गोष्ट, तो अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता.

सर्व्हरची जबाबदारी एका तरुणाकडे होती. तो याच वसतिगृहात राहून शिकलेला. शहरातली नोकरी नाकारून इथेच कामाला लागलेला. कामात कसूर करणारा मुळीच नव्हे. सर्व्हरची मेमरी भरून जाते हे त्याने पहिल्याच दिवशी ओळखले होते. त्याने चार जीबीची मेमरी आठ करून घेतली, तीही भरली. तेव्हापासून त्याने एकच उपाय धरला होता. सर्व्हर तुंबला की तो बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. मेमरी रिकामी होई, अर्धा तास बरा जाई आणि पुन्हा पहिले पाढे. आपल्यापैकी पुष्कळांचे संसार याच पद्धतीने चालतात, तेव्हा त्याला हसण्यात अर्थ नाही.

मात्र सर्व्हर बंद केला की अर्धे भरलेले अर्ज पुसले जात. त्या दिवशी यमुना वसावे नावाच्या मुलीचा तीनदा फोन आला होता. ती पाड्यावरून चालत खाली उतरून तालुक्याच्या सायबर कॅफेत येऊन बसली होती.

"सर, सगळे कागद चढवले आणि पुन्हा पहिलंच पान आलं," ती म्हणाली. "माझी जीप दीडची आहे. ती गेली तर आज दुसरी नाही. आणि उद्या आले तर मुदत संपलेली."

"दहा मिनिटांत करतो, तू तिथेच थांब," तो म्हणाला. हे त्याने तिसऱ्यांदा सांगितले होते. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचाच राग आला आणि त्याने नानांना बोलावणे पाठवले.

नाना म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. तरुणाला संगणकाचे पहिले धडे त्यांनीच दिले होते. ते आले, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढून तिची कोरी बाजू वर केली.

"नाना, मेमरी भरत आलीय. बंद-चालू करू?"

"हात मागे घे," नाना म्हणाले.

वेब सर्व्हर आलेल्या प्रत्येकाच्या दिमतीला एक सेवक देतो असे समजा. या क्षेत्रातले लोक त्याला वर्कर म्हणतात. अर्ज घेणे, जोडलेले कागद उघडून तपासणे, जागेवर ठेवणे ही त्याची कामे. नाना एकेका वर्करपुढचा मेमरीचा आकडा पत्रिकेवर टिपू लागले. नवा वर्कर तीस एमबी घेई. चार-पाच अर्ज हाताळले की तो एकशेवीसवर पोचे आणि काम नसले तरी तिथून खाली येत नसे. वीस मिनिटे नाना एवढेच करत बसले. तरुणाचा जीव टांगणीला लागला होता. दर मिनिटाला त्याची नजर घड्याळाकडे जात होती.

"एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर चालू देतोस?" अखेर नानांनी विचारले.

"चारशे."

नानांनी सेटिंगची फाइल उघडली, चारशे खोडले आणि चाळीस लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ घातली: पान उघडणे, कागद चढवणे अशा पाचशे विनंत्या हाताळून झाल्या की वर्करने निवृत्त व्हावे आणि त्याच्या जागी नवा यावा.

तरुण हादरलाच. "अहो नाना, मुलं तिकडे ताटकळलीत आणि तुम्ही दार लावून घेताय! मी तर आज सहाशे करणार होतो."

"हा चारशेचा आकडा आणलास कुठून?"

तरुण म्हणाला, "मी इथे सहा वर्षं दुसऱ्या पंगतीला जेवलो, नाना. लहान मुलं आधी बसायची, आम्ही ताटं घेऊन ओसरीवर उभे. आतून भाजीचा वास यायचा. ते उभं राहणं मला सहन व्हायचं नाही. माझ्या हातात असेल तिथे कुणाला दारात उभं करायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

नानांनी चष्मा काढला. शिष्याविषयी त्यांना माया दाटून आली आणि ती त्यांनी लपवली नाही. "तुझा हेतू लाखमोलाचा आहे रे," ते म्हणाले, "आकडा तेवढा चुकला. जेवणघरात पाट किती?"

"चाळीस."

"तिथे दीडशे जण कोंबले असते तर वाढप्यांनी पाय कुठे टाकला असता? कुणाच्या ताटात पोळी आहे तर भाजी नाही, भाजी आहे तर पाणी नाही. जेवण कुणाचंच संपत नाही, म्हणून उठतही कुणी नाही. तुझ्या सर्व्हरचं तेच झालंय. आठ जीबीतले दोन मूळ यंत्रणेला आणि डेटाबेसला लागतात. उरलेल्या सहांत एकशेवीसचे पन्नास वर्कर बसतात. थोडी मोकळी जागा ठेवली तर चाळीस. त्याहून जास्त झाले की सर्व्हर आपलं सामान डिस्कवर ठेवायला लागतो. डिस्क फार संथ. मग उचल-ठेव करण्यातच त्याचा सगळा वेळ जातो. त्यात तू मध्येच सगळ्यांना उठवतोस, की सगळे एकदम परत आत. दारात कुणी थांबू नये म्हणून तू त्यांना आत नेऊन उपाशी बसवलंस."

"आणि ती निवृत्तीची ओळ?"

"वर्कर घेतलेली मेमरी सोडत नाहीयेत. का, ते शोधून काढणं तुझं काम. पण आज नव्हे. तोवर ठरावीक कामानंतर त्यांना निरोप द्यायचा."

"आणि चाळिसांनंतर येतील ते?"

"ते रांगेत. एका विनंतीला दोन सेकंद पुरतात, जागा झाली की पुढचा आत. मला एक सांग, सहा वर्षांत दुसऱ्या पंगतीतून कधी उपाशी उठलास?"

"नाही," तरुण म्हणाला. आणि त्याने आपणहून पुस्ती जोडली, "भाकरीसुद्धा गरम असायची."

"मग आता शेवटचा बंद-चालू कर."

त्याने केला. मेमरी चढू लागली. चार जीबी झाले, पाच झाले, सहा झाले. तरुणाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. आकडा पावणेसातला आला आणि तिथेच थांबला. दहा मिनिटे गेली तरी तो तिथेच होता आणि शेजारी पूर्ण झालेल्या अर्जांची संख्या वाढत होती.

एकला दहा कमी असताना फोन वाजला.

"सर, वीसेक सेकंद ते गोल फिरतच होतं. मला वाटलं, गेलं पुन्हा. पण मग पोच आली! नंबर वाचू का?"

नंबर तरुणाच्या समोर पडद्यावर दिसतच होता. तरी तो म्हणाला, "वाच." यमुनाने एकेक अंक सावकाश वाचला. "जीप मिळेल ना?" त्याने विचारले.

"मिळेल की सर. चाळीस मिनिटं आहेत अजून."

नानांनी लग्नपत्रिका खिशात घातली आणि दोघे जेवणघराकडे निघाले. पहिली पंगत नुकतीच बसली होती. वाढप्याने दारातून त्यांना पाहिले आणि हाक मारली, "या सर, या नाना! कडेला दोन पाट टाकतो, सरकून घेतील मुलं."

"नको मामा, भरलीय," तरुण म्हणाला. "आम्ही दुसऱ्या पंगतीला बसतो."

त्याने दोन ताटे घेतली, एक नानांच्या हाती दिले आणि ओसरीच्या कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसला. आतून भाजीचा वास येत होता. त्याला सपाटून भूक लागली होती, तरी दाराकडे त्याने एकदाही पाहिले नाही.