मगदूमांच्या दोन गाड्या

सांगलीच्या भूपालशेठ मगदूमांच्या हळदीच्या कंपनीला परदेशातल्या सगळ्या मागण्या मेलवर यायच्या. एकदा मेलचा सर्व्हर बंद पडला आणि दोन दिवस कंपनी मुकी झाली. तेव्हा संगणक विभागाच्या सुनंदा आवटींनी दुसरा सर्व्हर मागवला. पहिल्यावर येणारी प्रत्येक मेल त्याच क्षणी दुसऱ्यावरही उतरणार होती.

सर्व्हर आला, तसे भूपालशेठ म्हणाले, "दोन्ही माझ्या केबिनशेजारच्या काचेच्या खोलीत ठेवा. पाहुण्यांना दिसले पाहिजेत."

"साहेब, दुसरा मिरजेच्या गोदामात ठेवू या. इथं आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जातील."

"आवटीबाई, जागा मी ठरवणार. आणि एकही मेल हरवणार नाही, असं लिहून द्या. हरवली तर तुमची नोकरी गेली."

बाईंनी शांतपणे कागद ओढला. "देते. फक्त उद्यापासून तुम्ही आणि धाकटे शेठ एका गाडीतून ऑफिसला या."

"भलतंच! एका बंगल्यातून दोन गाड्या निघतात, हा वडिलांचा नियम आहे. वाटेत काही झालं, तर कंपनी बघायला एक भाऊ तरी राहिला पाहिजे."

"मग या दोघांनी काय घोडं मारलंय?" बाईंनी सर्व्हरकडे बोट दाखवलं.

शेजारी बसलेले धाकटे धनपालशेठ खो खो हसले. भूपालशेठांनी तो कागद हळूच परत घेतला आणि फाडला.

"न्या मिरजेला," ते पुटपुटले.

"माझ्या गाडीत ठेवा," धनपालशेठ उठत म्हणाले. "धाकटा धाकट्याबरोबर येईल."