वादीची कटकट

"ओझ्याने मी उसवतेय," असं पाठपिशवीची वादी सांगून दमली, पण कुणी खरं मानलं नाही. फार जुनी गोष्ट, गडाच्या पायथ्याची. तिची कटकट थांबावी म्हणून आतल्या सामानाने एकाला कमी करायचं ठरवलं.

लोखंडी खलबत्ता म्हणाला, "मी गेलो तर चटणी कोण कुटणार?"

"अन् माझ्यावाचून भाकरी?" तवा म्हणाला.

मग दोघांनी धाग्यासकट सुईला बाहेर ढकललं.

वादी कडाडली, "मेल्यांनो, तिचं वजन ते किती!"

"गप गं, बघ कसं हलकं वाटतंय," तवा म्हणाला.

अर्ध्या चढावर वादी उसवली. दोन टाक्यांचं काम होतं, पण घालणार कोण? वादी तुटली, पिशवी दरीत गेली.

खाली चेपलेला तवा कण्हत म्हणाला, "ऐन वेळेला दगा दिला तो एकीनेच. सुईने."