सगुण शिरवाळे-कोळंबी खायला जातो

खाडीकाठच्या एका गावात सगुण नावाचा एक भोळा राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी जाता जाता "थांब हां, इलंयच मी" म्हणालं, की हा तिथेच संध्याकाळपर्यंत उभा.

सगुणला शालन फार आवडायची. जत्रेत शिरवाळ्यांचं दुकान मांडणाऱ्या जयवंतीबाईंची ही मुलगी. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या गरमागरम शेवया. बाकीचे लोक त्या नारळाच्या गोड रसात बुडवतात. जयवंतीबाई कोळंबीच्या तिखटजाळ कालवणात बुडवून द्यायच्या, आणि तेवढ्यासाठी पलीकडच्या गावचे लोक होडीतून यायचे. शालन साचा दाबायला बसली, की सगुण लांबून बघत राही आणि घरी जायचं विसरे.

सगुणला पंचक्रोशीतून नकार आले होते. उरलं होतं हे एकच घर. जयवंतीबाईंनी निरोप धाडला, "मुलग्याक जत्रेत जेवूक धाडा. कसो वागता तां बघतंय, मगे बोलूया."

सगुणच्या आईने त्याला बजावलं, "झिला, जयवंती सांगात तसांच कर. तिचो एक शब्द खाली पडूक देव नको."

"बरां आये," सगुण म्हणाला.

टोपी घालून स्वारी दुपारीच दुकानात हजर झाली. जयवंतीबाईंनी आधी भाजलेल्या कोळंब्या पुढे ठेवल्या. सगुणने एक उचलली आणि मिशांसकट तोंडात घातली. कर्रम् कर्रम्.

"टोचता, मावशी," तो डोळे पुसत म्हणाला.

"रे, वरचां कवच काढून टाकूचां. आतलां तेवढां खावचां!"

"बरां मावशी."

मग त्यांनी खाजा दिला. खाजा म्हणजे बेसनाची काडी, वरून आलं घातलेल्या गुळाचा जाड थर. सगुणने नखाने सगळा गूळ खरवडून खाली टाकला. मुंग्यांची चैन झाली. हा आपला कोरडं बेसन चावत बसला.

"कवच लय घट होतां, मावशी."

"मेल्या, तो गूळ! पुढ्यात येयत तां सगळां खावचां. कायएक शिल्लक ठेवूचां नाय!"

"बरां मावशी."

साच्यामागे शालन तोंडात पदर कोंबून हसत होती.

आता आले शिरवाळे. काड्यांनी टाचलेल्या पानांच्या द्रोणात वाफाळत्या शेवया, वर लालभडक कालवण, त्यात सोललेल्या गुबगुबीत कोळंब्या. पहिल्याच घासाला सगुणचे डोळे मिटले. असं काही त्याने जन्मात खाल्लं नव्हतं. त्याने शेवया संपवल्या, कालवण भुरकलं आणि मग द्रोण खायला घेतला.

"काडी जरा चिवट आसा, मावशी."

"अगो बाये माझे! रे, खावन झालां काय भांडां भिरकावन देवचां!"

"बरां मावशी."

शेवटी सोलकढी आली, पितळेच्या पेल्यात. पेला जयवंतीबाईंच्या सासूच्या वेळचा. सगुणने सोलकढी प्यायली, मिशी पुसली आणि पेला जोरात देवळाच्या तळीत भिरकावला. डुबुक्! काठावर पाय धुणारे गुरव वाकले म्हणून वाचले.

जयवंतीबाईंनी कपाळावर हात मारला. "पितळेचां भांडां कोण टाकता रे? तां घासूचां, धुवूचां आणि पालथां घालून ठेवूचां!"

"बरां मावशी."

जयवंतीबाई नकार द्यायला उठल्याच. तेवढ्यात शालन पुढे आली. आता ती हसत नव्हती.

"आये, माका हयोच होयो. तुझो एक तरी शब्द मोडल्यान त्याणां?"

जयवंतीबाई थबकल्या. त्यांच्या नवऱ्याने हयातभर त्यांचा एक शब्द ऐकला नव्हता. हा पठ्ठ्या सगळेच ऐकत होता. त्यांना एकदम भरूनच आलं. चार लोकांसमोर, देवळाकडे तोंड करून, त्यांनी सगुणच्या हातात नारळ ठेवला. असा दिलेला नारळ त्या गावात कुणी परत मागत नसे.

"दिलंय तुका माझी शालू! आता आमी देवाक सांगान येतंव. पालखी टेकली काय सगळो गाव हयच जेवूक येतलो. तवसर दुकान सांभाळ."

मायलेकी देवळात गेल्या. सगुण आनंदाने नाचायचाच बाकी होता. सासूबाईंसाठी काय करू नि काय नको असं त्याला झालं. त्याने इकडेतिकडे बघितलं. चुलीवर गावजेवणाचा भलामोठा टोप होता. पितळेचा.

पालखी टेकली. सगळा गाव द्रोण घेऊन रांगेने बसला. जयवंतीबाई पदर खोचून लगबगीने वाढायला आल्या. चुलीवर टोप पालथा होता आणि असा लखलखत होता, की त्यात त्यांना स्वतःचा वासलेला आ दिसला. चुलीपासून तळीपर्यंत लाल ओहोळ वाहत होता, आणि दोन्ही काठांना गावची कुत्री पंगत धरून बसली होती.

कोपरापर्यंत राखेने माखलेला सगुण हळूच त्यांच्या कानाशी वाकला.

"सासूबाई, कोणाक सांगू नको. पण इतक्या खरकट्या टोपात तू गावाक जेवूक वाढतलंस? घासून घासून माझे हात मोडले, तेवा खय त्येची लाली गेली!"